डोळा कुठे ठेवायचा?

एसटीच्या कुठल्याही स्टँडवर दहा मिनिटं थांबा, हे दृश्य दिसतंच. फलाटाला लागलेली गाडी मागे घ्यायची असते. ड्रायव्हर रिव्हर्स गिअर टाकतो, पण गाडी हलवत नाही. आधी कंडक्टर खाली उतरतो, मागच्या कोपऱ्यापासून चार पावलं बाजूला, आरशात दिसेल असा उभा राहतो आणि शिट्टी वाजवत, हाताने खुणा करत म्हणतो, "येऊ द्या, येऊ द्या... येऊ द्या... बस!" ड्रायव्हरच्या नोकरीला पंचवीस वर्षं झालेली असोत, आरसे लख्ख पुसलेले असोत, कंडक्टर उतरतोच. गाडीची मागची कड आणि भिंत यांच्यामधलं अंतर गाडीत बसलेल्या माणसाला नीट दिसत नाही. ते दिसतं बाजूला उभ्या असलेल्या माणसाला.

या प्रकरणातल्या दूरनियंत्रित यंत्रांचा चालक तर गाडीत बसलेलाही नसतो. तो कधी पाचशे मीटरवर असतो, कधी समुद्रावरच्या जहाजात, कधी पावणेचार-चार लाख किलोमीटर दूर पृथ्वीवर. त्याच्यासमोर एक पडदा असतो आणि कॅमेरा दाखवेल तेवढंच जग त्याच्या वाट्याला येतं. तो कॅमेरा कुठे बसवायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. रोबोट बनवणारे मोटर, चाकं, हात, बॅटरी यांच्यामागे महिनोन्‌महिने घालवतात आणि कॅमेरा शेवटी, जिथे जागा उरली असेल तिथे, बहुधा पुढच्या टोकाला लावून मोकळे होतात. दूरनियंत्रित यंत्रांच्या कितीतरी अडचणी इथून सुरू होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात चंद्रावरून करू. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचं लुना-१७ यान चंद्रावर उतरलं आणि त्यावरून आठ चाकांची, ७५६ किलो वजनाची एक गाडी उतरणीच्या पट्ट्यांवरून खाली आली. तिचं नाव लुनोखोद-१. पृथ्वीबाहेर माणसाने दुरून चालवलेली ही पहिली गाडी. क्रिमियात सिम्फेरोपोलजवळच्या केंद्रात पाच जणांची तुकडी तिच्यावर काम करायची: कमांडर, चालक, दिशा बघणारा, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा. चालकाला सलग हलतं चित्र मिळत नव्हतं. एकामागून एक स्थिर चित्रं यायची, दोन चित्रांमध्ये काही सेकंद, कधी वीसेक सेकंद जायचे. रेडिओ संदेश चंद्रापर्यंत जाऊन परत यायला अडीच सेकंद लागायचे ते वेगळेच. म्हणजे खड्डा पडद्यावर दिसेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असायची.

या सगळ्यात चालकांची एक ठळक तक्रार होती: कॅमेरे फार खाली आहेत. ते जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर होते. याचा त्रास कसा होतो ते मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात गाडी चालवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. ट्रकच्या केबिनमध्ये उंच बसलेल्या ड्रायव्हरला खड्डा वरून, त्याच्या पोटासकट दिसतो. लहान कारमध्ये बसलेल्याला मात्र तोच खड्डा रस्त्यावरची एक काळी रेघ वाटते आणि तो खड्डा आहे हे समजेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. नजर जितकी खाली, तितकी जमीन चपटी होत जाते. चंद्रावर तर झाड नाही, खांब नाही, घर नाही. मोठं काय आणि लहान काय हे ठरवायला ओळखीची एकही वस्तू नाही. वर सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात आणि खड्डे जणू पुसले जातात.

१९७३ च्या जानेवारीत लुनोखोद-२ चंद्रावर गेली तेव्हा तिच्यावर वाट बघण्यासाठी आणखी एक कॅमेरा होता आणि तो उंचावर, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीला जाईल असा बसवलेला होता. पहिल्या गाडीने सुमारे दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर अंतर कापलं होतं. दुसरीने जेमतेम चार महिन्यांत ३९ किलोमीटर कापलं. सगळं श्रेय कॅमेऱ्याचं नाही, चालकांचा हातही बसला होता. पण उंच डोळ्याचा त्यात मोठा वाटा होता हे निश्चित. या गाडीचा शेवट मात्र न दिसलेल्या बाजूने झाला. गाडीचं झाकण मागे उघडायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला सौरपट्ट्या होत्या. मे १९७३ मध्ये गाडी एका विवरात उतरली आणि ते उघडं झाकण विवराच्या भिंतीला घासलं, त्यावर धूळ पडली. पुढे झाकण मिटलं तेव्हा ती धूळ गाडीचं तापमान सांभाळणाऱ्या पृष्ठभागावर सांडली, आणि गाडी तापून निकामी झाली. वाट दाखवणारे कॅमेरे पुढे बघत होते. "बस" म्हणायला मागे कोणी नव्हतं.

आता कॅमेऱ्यातून बघणं आणि डोळ्यांनी बघणं यांत नेमकं काय हरवतं ते पाहू. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळायला जाड भिंतींच्या बंदिस्त खोल्या आहेत. बाहेर उभा असलेला तंत्रज्ञ दोन मुठी हलवतो आणि आतले यांत्रिक हात तशीच हालचाल करतात. अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र उभं केलं. तंत्रज्ञ आत बघतो तो शिसं घातलेल्या जाडजूड काचेतून. काचेतून रंग पिवळट दिसतात, चित्र थोडं वाकतं, तरीही या खिडकीत एक मोठी सोय आहे. चिमटा बाटलीच्या मागे आहे की पुढे, अशी शंका आली की तो मान चार बोटं डावीकडे झुकवतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी सरकते आणि अंतराचा उलगडा होतो. हे आपण दिवसभर, नकळत करत असतो. कॅमेरा एका जागी घट्ट बसवला की चालकाची मान बांधली जाते. पडद्यासमोर तो कितीही झुकला तरी चित्र तेच राहतं.

बांधलेल्या मानेने काय होऊ शकतं, हे २५ जून १९९७ रोजी 'मीर' या रशियन अंतराळस्थानकावर दिसलं. त्या दिवशी स्थानकावरचे अंतराळवीर वासिली त्सिब्लियेव एका पडद्यासमोर हातात नियंत्रणदांडे घेऊन बसले होते. प्रोग्रेस एम-३४ हे सुमारे सात टनांचं मालवाहू यान आदल्या दिवशी स्थानकापासून वेगळं करून दूर नेलं होतं, आणि आता ते दुरून चालवत परत आणून जोडायची चाचणी होती. यानावरची रडारवर चालणारी आपोआप जोडणीची यंत्रणा या चाचणीत बंद ठेवली होती. त्यामुळे अंतर किती आणि वेग किती हे आकडे समोर नव्हते. होतं ते फक्त चित्र, आणि कॅमेरा होता येणाऱ्या यानावर. म्हणजे त्सिब्लियेव आपलंच स्थानक, ज्यात ते बसले होते तेच, लांबून बघत होते. यान वरून येत असल्याने चित्रात मीरच्या मागे पृथ्वी होती आणि पृथ्वीवर ढग. पांढऱ्या-करड्या ढगांच्या गर्दीत ते स्थानक मिसळून गेलं होतं.

आता थोडं गणित. समजा, तुम्ही एखाद्या वस्तूकडे सेकंदाला तीन मीटर अशा एकसारख्या वेगाने सरळ जात आहात. तुम्ही १,२०० मीटरवरून ६०० मीटरवर पोहोचलात की ती वस्तू पडद्यावर दुप्पट दिसेल, आणि त्याला २०० सेकंद लागतील. पुन्हा दुप्पट व्हायला १०० सेकंद. मग ५०. मग २५. वेग तोच, पण सुरुवातीला चित्र जणू थिजलेलं वाटतं आणि शेवटी अंगावर धावून येतं. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग केवळ तिच्या वाढत्या आकारावरून ओळखायचा, तर सावध व्हायची खूण मिळते तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. नासाच्या एम्स केंद्रातले स्टीफन एलिस यांनी या अपघाताची दृष्टीच्या अंगाने चिकित्सा केली ती याच मुद्द्यावर बोट ठेवून. सात टनांच्या यानाला ब्रेक लावला तरी ते लगेच थांबत नाही, हे त्यात धरायला हवं.

यान कुठे आहे ते खिडकीतून बघायला सहकारी अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल धडपडत होते, पण ज्या खिडकीतून बघावं तिथे ते दिसत नव्हतं. शेवटी लाझुत्किन यांना ते दिसलं तेव्हा ते अगदी जवळ होतं. प्रोग्रेस जोडणीच्या जागेवरून पुढे निघून गेलं आणि 'स्पेक्त्र' या कक्षाच्या सौरपंखाला आणि भिंतीला धडकलं. भिंतीला भोक पडलं, हवा बाहेर जाऊ लागली. दारातून गेलेल्या तारा तोडून-काढून त्यांनी त्या कक्षाचं दार बंद केलं, म्हणून तिघे वाचले. चुकीचं खापर आधी त्सिब्लियेव यांच्यावर फुटलं. मला ते अन्यायाचं वाटतं. बाजूने पाहणारा एकच डोळा असता, तर हे चित्र कळायला तज्ज्ञ माणूसही लागला नसता.

यातून एक साधा नियम निघतो: जे अंतर मोजायचंय त्याला आडवं उभं राहा. नजरेच्या रेषेत असलेलं अंतर डोळ्याला सर्वांत कमी कळतं. नजरेला आडवं असलेलं सर्वांत चांगलं. एसटीचा कंडक्टर गाडी आणि भिंत यांच्या सरळ रेषेत न थांबता बाजूला जातो तो याचसाठी. हा नियम त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेला नसतो.

पडद्यावरच्या चित्राची आणखी एक खोड म्हणजे त्याचा अरुंदपणा. माणसाला मान न वळवता जवळजवळ दोन्ही कानांपर्यंतचं दिसतं, साधा कॅमेरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं दाखवतो. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले तेव्हा रोबोट-संशोधक रॉबिन मर्फी आणि त्यांचे सहकारी खोक्याएवढे पट्टेवाले रोबोट घेऊन तिथे गेले. शहरी ढिगाऱ्यात माणसं शोधायला रोबोट वापरल्याची ही पहिली ज्ञात वेळ. रोबोट माणसाला शिरता येणार नाही अशा भोकांतून आत गेले, पण चित्र बघणाऱ्यांची दमछाक झाली. कॅमेरा जमिनीलगत, सगळ्यावर एकाच करड्या धुळीचा थर, आणि समोर दिसतेय ती वस्तू टेबलाचा पाय आहे की खांबातली सळई, हे ओळखायला आजूबाजूचं काहीच दिसत नाही. दाराच्या फटीतून खोली बघण्यातला हा प्रकार आहे. कॅमेरा रुंद भिंगाचा घेतला तर जास्त दिसतं खरं, पण वस्तू लहान आणि लांब वाटू लागतात. कारच्या बाजूच्या बहिर्गोल आरशावर सूचना छापलेली असते ती याचसाठी.

याच मर्फी यांनी पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न मुळापासून हाती घेतला, आणि त्यामागे फुकुशिमाचा अनुभव होता. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्राच्या इमारतींत माणसाने जाणं धोक्याचं झालं. १७ एप्रिलला पॅकबॉट जातीचे रोबोट आत गेले. ते जोडीने गेले, हे महत्त्वाचं. एक रोबोट आपल्या हाताने दार उघडत असताना दुसरा थोडा मागे उभा राहून त्याच्याकडे बघत होता. दाराची मूठ रोबोटच्या बोटांत नीट आली आहे का, दार उघडताना त्याचे पट्टे अडत नाहीत ना, हे दार उघडणाऱ्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. मागच्याला ते दिसतं. पडद्यामागच्या माणसांनी दुसऱ्या रोबोटला कंडक्टर बनवलं होतं.

त्याच वर्षी चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सहकारी संस्थांनी बनवलेला क्विन्स नावाचा जपानी रोबोट दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत वरच्या मजल्यांपर्यंत चढला. जाड काँक्रीटमधून रेडिओ लहरी जात नाहीत म्हणून तो मागे केबल सोडत जायचा. २० ऑक्टोबरला परतताना तिसऱ्या मजल्यावर ती केबल अडकली, संपर्क तुटला आणि रोबोट तिथेच राहिला. अडचण इथेही मागच्या बाजूला होती, आणि तिकडे बघणारा जोडीदार नव्हता.

मर्फी यांच्या गटाने आधार घेतला तो मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांच्या १९७९ च्या पुस्तकातल्या विचाराचा. गिब्सन म्हणतात की आपण वस्तू बघताना तिच्या लांबी-रुंदीआधी तिच्याशी काय करता येईल ते बघतो. पायरीकडे बघून तिची उंची किती सेंटिमीटर हे आपल्याला सुचत नाही; चढता येईल की नाही, हे मात्र सुचतं. हेच रोबोटच्या चालकाला लागू केलं तर त्याचे प्रश्न चारच उरतात. हात तिथवर पोहोचेल का? या फटीतून आपण जाऊ का? ही वस्तू धरून फिरवता येईल का? या जमिनीवरून चालता येईल का? संशोधकांनी अनुभवी चालकांना संगणकातल्या आभासी रोबोटवर अशी कामं वेगवेगळ्या कोनांतून करायला लावली. जागा बदलली की कामाला लागणारा वेळ आणि चुका बदलतात, आणि एका कामासाठी चांगली असलेली जागा दुसऱ्यासाठी चांगली असेलच असं नाही, असं दिसलं. फटीतून जाताना मागून किंवा वरून बघणं सोयीचं, म्हणजे दोन्ही बाजूंची मोकळी जागा एकदम दिसते. हात लांबवताना बाजूने. त्यामुळे डोळा कामाप्रमाणे जागा बदलू शकेल असा हवा. दुसरा रोबोट किंवा लहान ड्रोन त्यासाठी.

बाहेरचा डोळा आला की एक नवी अडचणही येते. ती घरी करून बघा. दोन फोन घ्या, एकावरून दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल लावा. ताटात शेंगदाणे, बाजूला वाटी, हातात स्वयंपाकघरातला लांब चिमटा. घरातल्या कुणाला तुमच्या हनुवटीखाली वर्तमानपत्र आडवं धरायला सांगा, म्हणजे हात थेट दिसणार नाहीत. पहिल्या फोनचा मागचा कॅमेरा हातांकडे वळवा आणि दुसऱ्या फोनच्या पडद्यात बघून शेंगदाणे वाटीत टाका. आधी कॅमेरा खांद्यामागे धरायला लावा. दिशा बरोबर कळते, पण चिमटा शेंगदाण्याच्या अलीकडेच मिटतो. मग कॅमेरा बाजूला न्या. चिमटा आणि दाणा यांच्यामधलं अंतर लगेच दिसू लागतं. आता कॅमेरा समोर, तुमच्याकडे तोंड करून धरा. हात उजवीकडे न्यायचा असतो आणि तो नेमका डावीकडे जातो, ओढायचं असतं तेव्हा तुम्ही ढकलता. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की चित्रातली आकृती मनात फिरवून बघायला, कोन जितका मोठा तितका जास्त वेळ लागतो. दूरनियंत्रित रोबोटचा चालक प्रत्येक हालचालीला हा हिशेब मनात चुकता करत असतो. तासाभरात तो थकतो, आणि थकला की चुकतो.

शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये या बाबतीत फार विचारपूर्वक काम झालं आहे. दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेत कॅमेरा सहायकाच्या हातात असतो, सर्जनचे डोळे समोरच्या पडद्यावर आणि हात भलतीकडेच. दा विंची नावाच्या शस्त्रक्रिया-यंत्रात सर्जन खाली मान घालून बघतो आणि त्याचे हात त्याच दिशेला, चित्राच्या जणू खालीच असतात. कॅमेराही तो स्वतःच हलवतो. त्यामुळे पोटातली अवजारं आपल्याच बोटांचं टोक वाटू लागतात. खोल समुद्रात मात्र अजून जोडीदारावरच भिस्त आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात दीड किलोमीटर खोलीवरची तेलविहीर बंद करताना अनेक पाणरोबोट एकाच वेळी खाली होते, आणि तरीही २३ जूनला त्यांतल्या एकाची विहिरीवर बसवलेल्या टोपणाला धडक बसून ते टोपण तात्पुरतं काढावं लागलं. नजरा अनेक असल्या तरी कोणती कोणाला कधी द्यायची, हे ठरवणारा लागतो.

चांद्रयान-३ चं उदाहरण आपल्या सर्वांच्या जवळचं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं, त्यातून २६ किलोंचा प्रज्ञान बाहेर आला. त्याचे दोन मार्गदर्शक कॅमेरे पुढच्या बाजूला शेजारी शेजारी होते, दोन डोळ्यांसारखे, खोली कळावी म्हणून. २७ ऑगस्टला त्यांतून तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचं विवर दिसलं आणि बंगळुरूहून त्याला मागे वळवण्यात आलं. ३१ तारखेला इस्रोने एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली: सुरक्षित वाट शोधत प्रज्ञान जागच्या जागी वळतोय, आणि हे टिपलंय विक्रमच्या कॅमेऱ्याने. चांदोमामाच्या अंगणात खेळणाऱ्या बाळाकडे आई कौतुकाने बघतेय, अशी उपमा इस्रोने दिली. मला ती फार आवडली, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही ती चपखल आहे. प्रज्ञानच्या स्वतःच्या डोळ्यांना प्रज्ञान कधीच दिसला नसता.

पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' रोबोट तयार झाला, पाचशे मीटरवरून चालवता येणारा, अनेक कॅमेरे अंगावर असलेला. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज त्याच वाटेने जाणारे शेकडो विद्यार्थी आहेत: गटारात उतरणारे, विहिरीत जाणारे, शेतात फवारणी करणारे रोबोट बनवणारे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. कॅमेरा स्क्रूने पक्का करण्याआधी आठ दिवस तो नुसत्या टेपने चिकटवून ठेवा. तेवढ्या दिवसांत तो पुढे, मागे, बाजूला, उंच काठीवर लावून बघा. चालवायला स्वतः बसू नका. ज्याने हा रोबोट बनवला नाही आणि जो उद्या खरोखर तो चालवणार आहे, त्या माणसाला पडद्यासमोर बसवा. तो कुठे मान वाकडी करून बघतोय त्यावर लक्ष ठेवा, आणि दुसरा कॅमेरा तिथे लावा.